संमती आणि वय : सक्तीच्या विवाहाच्या इतिहासातील एक प्रकरण

बेंगळूरच्या उत्तरेला असलेले देवनहळ्ळी हे गाव आज विमानतळामुळे सर्वांना माहीत झाले आहे. त्याआधी ते तेथील पपनसांसाठी आणि त्याहूनही अधिक आपल्या किल्ल्यासाठी ओळखले जाई. १७४९ साली म्हैसूरच्या फौजेने या किल्ल्याला वेढा घातला, तेव्हा हैदरअलीचे नाव प्रथम पुढे आले. पुढच्याच वर्षी याच गावी टिपूचा जन्म झाला. या टिपूच्या विवाहाची एक हकीकत इतिहासकार नोंदवितात. १७७४ साली त्याचे लग्न करावयाचे ठरले तेव्हा हैदरअलीने एक मुलगी निवडली आणि जनान्यातील वडीलधाऱ्या स्त्रियांनी दुसरी. कोणाचीही पसंती मोडावयाची नव्हती, म्हणून एकाच रात्री दोन्ही निकाह लावण्यात आले. टिपूला काय वाटले याविषयी या हकीकतीत काही नाही. त्या दोन मुलींना काय वाटले हा प्रश्न तर ती सांगणाऱ्याच्या मनातही आलेला दिसत नाही. मुसलमानी धर्मशास्त्रात सज्ञान वधूचा होकार निकाहाला आवश्यक मानलेला आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या मौनाचा अर्थ अधिक उघड होतो. होकार शास्त्रात होता. तो विचारण्याची वहिवाट घरात नव्हती.

या घटनेनंतर १२० वर्षांनी, १८९४ साली, देवनहळ्ळी ज्या म्हैसूर संस्थानातील एक तालुका होती त्या संस्थानाने बालविवाहास आळा घालणारा कायदा केला. चामराजेंद्र वडियार हे महाराज आणि के. शेषाद्री अय्यर हे दिवाण असताना झालेला हा कायदा हिंदुस्थानातील अशा प्रकारच्या अगदी आरंभीच्या कायद्यांपैकी होता. त्याने दोन गोष्टी दंडनीय ठरविल्या. आठ वर्षांखालील मुलीचे लग्न लावणे ही पहिली, आणि पन्नाशी उलटलेल्या पुरुषाने चौदा वर्षांखालील मुलीशी लग्न करणे ही दुसरी. आजच्या वाचकाला ‘आठ वर्षे’ ही मर्यादा वाचून हसू येईल किंवा अंगावर काटा येईल. परंतु ब्रिटिश हिंदुस्थानात त्या वेळी विवाहाच्या वयाला कायद्याची कोणतीच मर्यादा नव्हती आणि ती यावयास आणखी ३६ वर्षे जावी लागली, हे विसरून चालणार नाही. कायद्याची हद्दही मोठी चमत्कारिक होती. बेंगळूरमधील लष्करी छावणीचा भाग १८८१ नंतर ब्रिटिश अमलाखालीच राहिला होता. म्हणजे एकाच शहराच्या दोन भागांत, विवाहापुरते बोलावयाचे तर, दोन राज्ये नांदत होती.

मराठी वाचकाला म्हैसूरच्या कायद्यातील दुसरे कलम वाचताना हटकून ‘शारदा’ नाटकाची आठवण होईल. गोविंद बल्लाळ देवलांचे हे नाटक १८९९ साली, म्हणजे त्या कायद्यानंतर पाच वर्षांनी, रंगभूमीवर आले. भुजंगनाथासारखा जख्ख म्हातारा आणि पैशाला भुलून त्याला मुलगी देऊ पाहणारा कांचनभट हे देवलांनी हवेतून काढलेले नव्हते; म्हैसूरच्या कायदा करणाऱ्यांनाही असले भुजंगनाथ आणि कांचनभट आपल्या संस्थानात दिसत असले पाहिजेत. त्याच १८९९ साली मंगळूरहून गुलवाडी वेंकटरावांची ‘इंदिराबाई’ ही कन्नडमधील पहिली सामाजिक कादंबरी प्रसिद्ध झाली, आणि तिचा विषयही बालविधवेचे जीवन हाच होता. दोन शेजारी भाषा एकाच वर्षी एकाच जखमेवर बोट ठेवतात, याला केवळ योगायोग म्हणणे कठीण आहे.

परंतु ‘शारदा’चा शेवट नीट तपासला पाहिजे. लग्न मोडते ते शारदेच्या नकाराने मोडत नाही. वधू-वर सगोत्र आहेत असे ऐन वेळी उघडकीस येते आणि शास्त्राच्या आधाराने ते लग्न थांबते. देवल शारदेबद्दल अपार सहानुभूती बाळगतात, तिच्या तोंडी वेदना घालतात, पण तिच्या ‘नाही’ला लग्न मोडण्याचे सामर्थ्य देण्याचे धाडस करीत नाहीत, १८९९ सालच्या प्रेक्षकाला ते पटलेही नसते. म्हैसूरचा कायदा आणि देवलांचे नाटक यांत हे एक विलक्षण साम्य आहे. कायदा वयावर बोट ठेवतो, नाटक गोत्रावर. ज्या मुलीचे लग्न व्हावयाचे आहे तिला काय हवे आहे, या प्रश्नापाशी दोघेही येऊन थांबतात. आठ वर्षे पूर्ण झालेल्या देवनहळ्ळीतील मुलीचे लग्न तिच्या मनाविरुद्ध लावणाऱ्या बापाला १८९४ चा कायदा काहीही म्हणत नव्हता.

हा प्रश्न तोपर्यंत कोणी विचारलाच नव्हता असे मात्र नाही. म्हैसूरचा कायदा होण्यापूर्वी दहा वर्षे मुंबईच्या उच्च न्यायालयात तो विचारला गेला होता, आणि तो विचारणारी व्यक्ती २० वर्षांची एक मराठी मुलगी होती. रखमाबाईंचे हे प्रकरण आज इतके वेळा सांगितले गेले आहे की त्याची एक सुबक दंतकथा बनली आहे : दुष्ट नवरा, शूर मुलगी, आणि शेवटी राणी व्हिक्टोरियाने लग्न रद्द करून दिलेले अभय. प्रत्यक्षातील हकीकत याहून गुंतागुंतीची आहे, आणि म्हणूनच अधिक बोलकी आहे.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ चा. त्यांच्या आई जयंतीबाई वयाच्या सतराव्या वर्षी विधवा झाल्या. त्यांच्या सुतार ज्ञातीत पुनर्विवाहाला मज्जाव नव्हता, आणि काही वर्षांनी त्यांनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी विवाह केला. तत्पूर्वी पहिल्या नवऱ्याकडून आलेली मालमत्ता त्यांनी रखमाबाईंच्या नावे करून दिली. सखाराम अर्जुन हे नामांकित वैद्यक व्यावसायिक, वनस्पतिशास्त्राचे जाणकार, आणि मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक. अशा सुधारलेल्या घरात वाढणाऱ्या रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी झाले. नवरा दादाजी भिकाजी हा सखाराम अर्जुन यांच्याच नात्यातला, एकोणीस-वीस वर्षांचा. त्याने घरजावई म्हणून राहावे, शिकावे आणि ‘चांगला माणूस’ व्हावे, अशी त्या घराची अपेक्षा होती.

सक्तीच्या विवाहाची चर्चा करताना आपण नकळत एखादा खलनायक शोधू लागतो. रखमाबाईंच्या प्रकरणात असा खलनायक सापडत नाही. आई मुलीवर जीव टाकणारी होती. सावत्र वडील पुढे त्याच मुलीच्या बाजूने खंबीरपणे उभे राहिले. तरीही ते लग्न याच दोघांच्या घरात, त्यांच्याच संमतीने झाले होते. अकरा वर्षांच्या मुलीला विचारावयाचे असते ही कल्पना त्या काळच्या सर्वांत पुढारलेल्या घरातही शिरलेली नव्हती. कुटुंबाची सक्ती बहुधा छडी घेऊन येत नाही. ती माया, काळजी, आब्रू आणि मालमत्ता यांच्या रूपाने येते, आणि म्हणूनच तिला सक्ती हे नाव द्यावयास इतका काळ जावा लागला.

लग्नानंतर दादाजीचे शिक्षणावरून मन उडाले. तो मामाच्या, नारायण धुर्माजीच्या, आश्रयाला जाऊन राहिला, आजारी पडला, कर्जात अडकला. रखमाबाई आईवडिलांकडेच राहिल्या आणि घरीच वाचू-शिकू लागल्या. १८८४ च्या मार्च महिन्यात दादाजीने वकिलामार्फत बायकोला नांदावयास पाठविण्याची मागणी केली. उत्तरात तीन कारणे देण्यात आली : त्याला बायकोचे पोषण करता येत नाही, त्याची प्रकृती ढासळलेली आहे, आणि ज्याच्या आश्रयाला तो राहतो त्या मामाचे वर्तन असे आहे की त्या घरी तिला पाठविता येणार नाही. ही तिन्ही कारणे त्या काळच्या कोणालाही समजतील अशीच होती. परंतु खटला पुढे सरकू लागला तसे त्यांच्या मागे असलेले चौथे, खरे कारण पुढे आले : अजाण वयात, आपली इच्छा न विचारता झालेल्या या विवाहाने आपण बांधल्या गेलेल्या नाही, असे रखमाबाईंचे म्हणणे होते. अशा तऱ्हेचा युक्तिवाद कोणत्याही हिंदू पत्नीने त्यापूर्वी सरकारी न्यायालयात इतक्या स्पष्टपणे केल्याचे दिसत नाही.

न्यायमूर्ती पिन्ही यांनी २१ सप्टेंबर १८८५ रोजी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, जी स्त्री कधी नवऱ्याबरोबर राहिलेलीच नाही, जिचे लग्न असहाय बालपणी लावले गेले, तिला गुराढोरांचा ताबा मागावा तसे ताब्यात मागणे हे क्रूरपणाचे होईल, आणि तसे करण्यास भाग पाडणारा कोणताही पूर्वनिर्णय आपल्यासमोर नाही. सखाराम अर्जुन हा निकाल ऐकावयास उरले नव्हते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ते वारले होते. निकालाच्या आधी, जून आणि सप्टेंबर १८८५ मध्ये, ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘एक हिंदू स्त्री’ या सहीने दोन पत्रे प्रसिद्ध झाली होती. बालविवाहामुळे आपले शिक्षण कसे तुटले आणि पुरुषाच्या तुलनेने स्त्रीवर या रूढीचा भार किती अधिक पडतो, हे त्यांत सांगितले होते. ती रखमाबाईंची होती हे पुढे सर्वांना कळले. बेहरामजी मलबारींनी बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांविषयीचे आपले टिपण १८८४ साली काढले होते. त्या वादात आतापर्यंत बोलत होते ते सगळे पुरुष. ताराबाई शिंद्यांचा १८८२ सालचा ‘स्त्रीपुरुष तुलना’ हा सणसणीत निबंध सोडला, तर ज्यांच्याविषयी वाद चालला होता त्यांचा आवाज या दोन पत्रांमुळेच प्रथम ऐकू आला.

अपिलात चित्र पालटले. १८८६ साली मुख्य न्यायमूर्ती सार्जंट आणि न्यायमूर्ती बेली यांनी पिन्हींचा निकाल फिरविला आणि खटला फेरसुनावणीस पाठविला. हिंदू विवाह हा संस्कार आहे. तो विधीने पूर्ण होतो. वधूची संमती हा त्याचा आवश्यक भाग नाही, अशी त्यांची भूमिका होती. ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला की, रखमाबाईंनी महिन्याभरात नवऱ्याकडे जावे, अन्यथा सहा महिन्यांपर्यंत कैद भोगावी. रखमाबाईंनी कैद पत्करू, पण जाणार नाही, असे सांगितले. नकार देण्याचा हक्क कायदा तिला देत नव्हता. नकाराची किंमत मोजण्याचा मात्र देत होता, आणि ती किंमत मोजावयास ती तयार झाली.

येथे मराठी समाजाच्या वैचारिक इतिहासातील एक कडवट विसंगती नोंदविणे भाग आहे. टिळकांनी आणि सनातनी पक्षाने या निकालाचे स्वागत ‘आमच्या धर्माचे रक्षण झाले’ अशा सुरात केले. परंतु पत्नीला नवऱ्याच्या घरी राहण्यास न्यायालयामार्फत भाग पाडण्याचा हा दावा हिंदू धर्मशास्त्रातून आलेलाच नव्हता. तो इंग्लंडच्या चर्चच्या न्यायालयांतून आला होता, आणि १८६७ सालच्या प्रिव्ही कौन्सिलच्या एका निर्णयाने इकडे स्थिरावला होता. तो निर्णय एका मुसलमान दांपत्याच्या खटल्यातील होता. गंमत अशी की, ज्या १८८४ साली दादाजीने दावा लावला, त्याच १८८४ साली इंग्लंडने आपल्या स्त्रियांच्या बाबतीत या कारणासाठी होणारी कैद रद्द केली. हिंदुस्थानात ती १९२३ पर्यंत पुस्तकात राहिली. स्वधर्म म्हणून ज्याचा कैवार घेतला गेला ते असे परक्याने टाकून दिलेले हत्यार होते. टिळकांसारख्या चाणाक्ष कायदेपंडिताला हे ठाऊक नसेल असे मानणे अवघड आहे. परकीय सत्तेने घरात शिरू नये ही त्यांची भूमिका राजकीय दृष्ट्या समजण्यासारखी होती. पण परकीय सत्तेचा तुरुंग घरातल्या स्त्रीसाठी उघडावा, ही मागणी त्या भूमिकेत कशी बसत होती, याचे उत्तर त्यांच्या चाहत्या चरित्रकारांनीही समाधानकारक दिलेले नाही. ‘केसरी’चे संपादकपद १८८७ च्या उत्तरार्धापर्यंत आगरकरांकडे होते, आणि त्या पत्राच्या चालकांत पडलेली फूट ज्या सामाजिक प्रश्नांवरून रुंदावत गेली त्यांत रखमाबाईंचा प्रश्न होताच. पुढच्याच वर्षी ‘सुधारक’ निघाले.

या निकालाच्या सहा दिवस आधी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, आनंदीबाई जोशी पुण्यात वारल्या. अमेरिकेतून वैद्यकीची पदवी घेऊन परतलेल्या या बाविशीच्या आतील स्त्रीसाठी सुधारक आणि सनातनी दोघांनीही अश्रू ढाळले. आनंदीबाईंचे लग्न नवव्या वर्षी झाले होते. नवरा सुमारे २० वर्षांनी मोठा. तो त्यांना शिकवीत असे आणि न शिकल्यास मारीतही असे. लाकूड, पुस्तक, खुर्ची, हाताला येईल ते फेकून मारल्याची आठवण आनंदीबाईंनी स्वतःच पत्रात नवऱ्याला लिहिली आहे. ज्या शिक्षणाचा महाराष्ट्राने अभिमान बाळगला तेही सक्तीतून आले होते. नवऱ्याच्या इच्छेने समुद्र ओलांडणारी आनंदीबाई समाजाला गौरवावीशी वाटली, आणि नवऱ्याच्या इच्छेविरुद्ध घरी राहून वाचणारी रखमाबाई उद्दाम वाटली. आनंदीबाईंच्या कर्तृत्वाला यामुळे बाध येत नाही, परंतु समाज नेमके कशाला भीत होता ते या दोन प्रतिक्रिया शेजारी ठेवल्या की कळते.

सक्ती केवळ मुलींवरच होत नसे, हे सांगण्यासाठी रमाबाई रानड्यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे १९१० साली प्रसिद्ध झालेले पुस्तक पुरेसे आहे. १८७३ साली न्यायमूर्ती रानड्यांची पहिली पत्नी वारली. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या, ३१ वर्षांच्या या विद्वानाने आता विधवेशीच लग्न करावे अशी मित्रांची अपेक्षा होती. आपला मुलगा तसे करील या धास्तीने वडिलांनी घाईघाईने अकरा वर्षांच्या रमाबाईंशी त्याचे लग्न ठरविले. रानड्यांनी विनवण्या केल्या, मुदत मागितली. वडील ऐकेनात, आणि रानडे वाकले. लग्नाच्या दिवशी ते कोणाशी न बोलता आपल्या खोलीत गेले, हे रमाबाईंनी कसलाही आरोप न करता लिहिले आहे. आयुष्यभर रानड्यांना या एका माघारीवरून बोल सोसावे लागले, आणि इतिहासाने त्यांच्या दुःखाची पुरेपूर दखल घेतली. त्या दुसऱ्या पक्षाची, नको असताना आपण आणल्या गेलो आहोत हे अकराव्या वर्षी उमगलेल्या मुलीची, दखल घ्यावयास वाचकाला तिच्या आठवणींच्या ओळींमधून वाट काढावी लागते. रमाबाईंचा संसार पुढे समृद्ध झाला. पण हा शेवट चांगला झाला म्हणून आरंभ मान्य करावा काय, हा प्रश्न त्या पुस्तकाच्या वाचकाने टाळू नये.

मराठी स्त्रियांच्या आत्मचरित्रांत लग्नाचा प्रसंग कसा येतो, हे पाहण्यासारखे आहे. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त तो विनोदाच्या अंगाने येतो, पार्वतीबाई आठवल्यांच्या ‘माझी कहाणी’त जणू दुसऱ्याच कोणाचा वृत्तांत असावा अशा कोरडेपणाने. या लेखिका बंडखोर नव्हत्या असे नाही. पण लग्नाविषयी लिहिताना त्यांच्या वाक्यांतून कर्ता नाहीसा होतो. याला आपली भाषाही काही अंशी जबाबदार आहे. मराठीत मुलगा लग्न ‘करतो’ आणि मुलीचे लग्न ‘होते’, किंवा ‘करून देतात’. मुलगी ‘देतात’, ‘उजवितात’, ‘पदरात घालतात’, राहिली तर ‘खपवितात’. वराकडच्यांना ‘पसंती’ असते; वधूच्या वाट्याला येते ती फार तर ‘संमती’, तीही बहुधा मान खाली घालून दिलेली, म्हणजे न बोलता गृहीत धरलेली. हरि नारायण आपट्यांनी ‘पण लक्षात कोण घेतो?’मध्ये यमूला प्रथमपुरुषी निवेदन दिले, हे त्या कादंबरीचे तांत्रिक वैशिष्ट्य म्हणून सांगितले जाते. ज्या क्रियेत ती नेहमी कर्म होती तिच्या कथनात आपट्यांनी तिला कर्ता केले, असे म्हटले म्हणजे त्या तंत्राचे मोल कळते. जात्यावरच्या ओव्यांत हे कर्तेपण अनेक पिढ्या आधीपासून होते. एक लाखाहून अधिक ओव्यांचा जो संग्रह गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत गावोगाव फिरून सिद्ध झाला, त्यात सासरी ‘दिलेल्या’ लेकीची तक्रार बापाला आणि भावाला उद्देशून थेट केलेली आढळते. पहाटेच्या अंधारात, दुसरे कोणी ऐकत नसताना केलेली ही तक्रार होती, एवढेच.

रखमाबाईंच्या खटल्यातून कायदा काय शिकला, हे पाहिले तर निराशा पदरी येते. १८९० साली कलकत्त्यात फुलमणी नावाच्या दहा-अकरा वर्षांच्या मुलीच्या, नवऱ्याने केलेल्या संभोगात ओढवलेल्या मृत्यूचा खटला चालला, आणि १८९१ च्या मार्चमध्ये संमतिवयाचा कायदा संमत झाला. ‘संमतिवय’ या शब्दाकडे थोडे थांबून पाहावे. त्यात संमती आहे आणि वय आहे. पण कायद्याने वाढविले ते केवळ वय, दहाचे बारा. संमती लग्नाला नव्हतीच, ती शरीरसंबंधाला होती. आणि बारा वर्षांनंतर नवऱ्याच्या बाबतीत ती पुन्हा गृहीतच धरली जात होती. टिळक आणि डॉ. भांडारकर यांच्यात या निमित्ताने गर्भाधानविधीच्या काळाविषयी जो शास्त्रार्थ झाला तो विद्वत्तेच्या दृष्टीने वाचनीय आहे. त्यात मुलीचे वय किती असावे याविषयी दोन्ही बाजूंनी आधार दिलेले आहेत. तिची इच्छा हा मुद्दा कोणत्याही बाजूने आलेला नाही. रखमाबाईंनी संमतीचा प्रश्न विचारला होता. समाजाने आणि सरकारने उत्तर दिले ते वयाच्या प्रश्नाचे.

पुढचे सगळे कायदे याच वाटेने गेले. म्हैसूरचा १८९४ चा कायदा झाला. मराठी राज्यकर्ते सयाजीराव गायकवाड यांनी बडोद्यात १९०४ साली मुलीसाठी बारा आणि मुलासाठी सोळा अशी मर्यादा घातली. हरविलास सारडा यांचा कायदा १९२९ साली संमत होऊन १ एप्रिल १९३० पासून अमलात आला. चौदा आणि अठरा. अमलाची तारीख जाहीर झाल्यामुळे मधल्या महिन्यांत कितीतरी लहान मुलींची लग्ने घाईने उरकली गेली, आणि त्याचा परिणाम १९३१ च्या शिरगणतीत दिसला. मराठीत या कायद्याला सर्रास ‘शारदा कायदा’ म्हटले गेले. देवलांच्या नायिकेने सारडांचे नाव असे आपलेसे करून घ्यावे, हा लोकभाषेचा न्याय मोठा मार्मिक आहे. १९७८ साली ही वये अठरा आणि एकवीस झाली. मात्र सारडा कायद्यानुसार शिक्षा होई ती लग्न लावणाऱ्याला. लागलेले लग्न कायमच राही. २००६ च्या कायद्याने ते रद्द करून घेण्याचा हक्क लग्न लागलेल्या व्यक्तीला दिला. एक पाऊल आणखी पुढे टाकले ते कर्नाटकाने. २०१६ च्या दुरुस्तीने त्या राज्यात बालविवाह मुळातच शून्यवत ठरविला गेला. १८९४ चा तो जुना तालुका आज ज्या राज्यात आहे त्या राज्याने सव्वाशे वर्षांनंतर पुन्हा एकदा इतरांच्या आधी हे धाडस केले. तरीही २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २० ते २४ या वयोगटातील स्त्रियांपैकी कर्नाटकात २१.३ टक्के आणि महाराष्ट्रात २१.९ टक्के स्त्रियांची लग्ने अठरा पूर्ण होण्यापूर्वी झालेली आढळली.

अठरा पूर्ण झालेल्या, सज्ञान स्त्रीवर तिच्या घराने केलेल्या सक्तीचे काय? १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात बळजबरीने वा फसवणुकीने मिळविलेल्या संमतीचा विवाह रद्द करून घेता येतो, असे कलम आहे. परंतु बळजबरी संपल्यापासून एका वर्षाच्या आत न्यायालयात जावे लागते. ज्या मुलीवर तिच्याच आईबापांनी सक्ती केली तिने वर्षभरात कोणाच्या आधाराने वकील गाठावा, याचा विचार त्या कलमात दिसत नाही. आणि बळजबरी म्हणजे काय? आईने जेवण सोडले, बाप छातीला हात लावून बसला, धाकट्या बहिणीचे पुढे कसे व्हायचे असे मामाने विचारले. यांतील कोणती गोष्ट न्यायालयात सिद्ध करता येईल? बेळगाव जिल्ह्यातील एका सज्ञान मुलीने स्वतःच्या निवडीने लग्न केले, म्हणून वडिलांनी ती हरवल्याची फिर्याद दिली. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाला त्या प्रकरणात सांगावे लागले की, दोन सज्ञान व्यक्तींच्या विवाहाला कुटुंबाच्या वा जमातीच्या संमतीची गरज नाही. १८८६ साली मुंबईच्या न्यायालयाने सांगितले होते की वधूच्या संमतीची गरज नाही. संमती हा एकच शब्द या १३५ वर्षांत एका घरातून दुसऱ्या घरात राहावयास गेला. जाताना त्याला जुन्या घरच्यांनी निरोप दिला असे मात्र म्हणवत नाही.

रखमाबाईंचा खटला राणीच्या हुकमाने मिटला नाही. जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली. दोन हजार रुपये घेऊन दादाजीने हुकमाची अंमलबजावणी सोडून दिली आणि पुढे दुसरे लग्न केले. पुरुषाला ते करता येत होते. रखमाबाईंच्या बाबतीत कायद्याच्या नजरेने पहिले लग्न कायमच होते. त्या मुक्त झाल्या नाहीत, एवढेच की त्यांना कोणी पकडावयास येणार नव्हते. कामा इस्पितळाच्या डॉ. एडिथ पीची आणि इतर सहानुभूतिदारांच्या मदतीने त्या लंडनला गेल्या, १८८९ ते १८९४ या काळात वैद्यकीचे शिक्षण पुरे करून परतल्या, आणि सुरत व राजकोट येथे सुमारे तीन तपे त्यांनी स्त्रियांच्या रुग्णालयांत काम केले. म्हैसूरचा कायदा झाला त्या १८९४ सालीच त्या डॉक्टर झाल्या होत्या. १९०४ साली दादाजी वारला, तेव्हा रखमाबाईंनी विधवेचे पांढरे लुगडे नेसावयास सुरुवात केली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. ज्या बंधनाला त्यांनी आयुष्याच्या विशीत तुरुंगाच्या धमकीसमोरही मान्यता दिली नाही, त्याची खूण चाळिशीत त्यांनी आपण होऊन अंगावर घेतली. याचा अर्थ अनेकांनी अनेक तऱ्हांनी लावला आहे. राजकोटसारख्या ठिकाणी एकट्या स्त्रीला काम करावयाचे तर पांढरे लुगडे हे संरक्षण होते, असे एक स्पष्टीकरण संभवते. रूढीचा पगडा हे दुसरे. स्वतः रखमाबाई या विषयावर पुढे फारसे बोलल्या नाहीत, आणि त्यांचे ते मौन त्यांच्या पत्रांइतकेच जपून वाचावयास हवे.

हिंदू विवाह कायदा १८ मे १९५५ रोजी अमलात आला. त्यात घटस्फोट आला, बळजबरीच्या विवाहाविषयीचे कलम आले. आणि नवव्या कलमात, दादाजीने ज्याच्या आधारे रखमाबाईंवर दावा लावला होता तो सहवासाचा दावाही जसाच्या तसा आला. इंग्लंडने तो १९७० साली मोडीत काढला. १९८३ साली आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने ते नववे कलम घटनाबाह्य ठरविले. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरविले. रखमाबाई २५ सप्टेंबर १९५५ रोजी, वयाच्या एक्याण्णवाव्या वर्षी, मुंबईत वारल्या. नवा कायदा तेव्हा चार महिन्यांचा झाला होता.